टू नोट्रम्पनंतर लगेच थ्री नोट्रम्प कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आम्ही चौघं रिटायर्ड लोक घोडबंदर रोडला सोसायटीत रोज संध्याकाळी ब्रिज खेळतो (वॉचमनला अजून रमीच वाटते), तर वाद असा की पार्टनरने १५-१७ पॉइंटवर (मोठ्या पत्त्यांचे गुण) वन नोट्रम्प (हुकमाशिवाय खेळायची बोली) ओपन केलं, म्हणजे बोली सुरू केली, आपण ८-९ वर टू नोट्रम्प बोलून पुढे जायचं का विचारलं, की पत्ते तगडे असले तर तो डोळे मिटून थ्री नोट्रम्प ठोकतो. मी म्हणतो त्याऐवजी त्याने थ्री क्लब बोलावं, किलवरशी संबंध नाही, नुसता रिले (पार्टनरला प्रश्न विचारणारी बोली), तुझ्याकडे ४ बदाम किंवा ४ इस्पिक आहेत का सांग. शेवटी नोट्रम्पच खेळलं तर माहिती फुटते ती डमीची (ओपनरच्या पार्टनरची), तो तसाही टेबलावर उघडा पडणार, ओपनरचे पत्ते झाकलेलेच. तोटा आहेच, १५ वाला टू नोट्रम्पवरच पास करतो आणि बदामचा ४-४ फिट (दोघांकडे चार-चार बदाम) राहून जातो. परवा तेच झालं, एक हात कमी पडला, पार्टनर अजून बोलत नाहीये.

२०१८ला जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजचं गोल्ड आलं आपल्याला, मग रविवारी सुडोकूशेजारी एक डाव छापायला काय हरकत?

– एक वाचक, ठाणे (प.)