महिला बार्बरशॉपचा इतिहास अर्धाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या महिला बार्बरशॉप गायनवृंदांवरचा लेख दोनदा वाचला. बार्बरशॉप म्हणजे वाद्यांशिवाय, चार वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी गायची अमेरिकन रीत. या गाण्यावर मराठीत कुणी लिहिलं याचाच आधी आनंद झाला. एकसारखे चमचमते पोशाख, विजेत्यांचे मुकुट, मंचावर ओळीने उभ्या असलेल्या बायका, हे सगळं लेखात छान आलं आहे. पण इतिहास मात्र ‘1945 साली टल्सा शहरात सुरुवात झाली आणि संस्था वाढत गेली’ एवढ्यावर आटोपला आहे. मधली काही वर्षं त्यातून गळली. माझ्या मते तीच वर्षं सांगायला हवी होती.

मी मूळची मिरजेची. तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या शेजारात लहानाची मोठी झाले, पुढे शाळेत संगीत शिकवलं. काही वर्षांपूर्वी ओहायोत मुलीकडे पाच महिने राहिले, तेव्हा तिच्या शेजारीण बाई मला दर मंगळवारी त्यांच्या वृंदाच्या तालमीला नेत. चर्चच्या तळघरातली खोली, घडीच्या खुर्च्या, आणि साठेक बायका. नर्स, शिक्षिका, दुकानात काम करणाऱ्या, निवृत्त आज्या. बऱ्याच जणींना नोटेशन वाचता येत नव्हतं. आपापल्या ओळीचं ध्वनिमुद्रण गाडीत ऐकून त्या पाठ करून येत.

गाण्यात अशा चार ओळी, म्हणजे चार सुरावटी, असतात. चाल गाते ती लीड. तिच्या वर हलक्या आवाजात टेनर, तळाला बास, आणि उरलेले सूर बॅरिटोनच्या वाट्याला. मला बॅरिटोनमध्ये उभं केलं होतं. ही ओळ एकटी गायली तर तिला चाल म्हणावी असं काही हाताला लागत नाही, आणि माझा गळा सारखा लीडकडे ओढला जाई. वाद्य कुठलंच नाही. सूर देण्यासाठी एक छोटी गोल पिपाणी असते, ती एकदा वाजते आणि मग सगळा भार गळ्यांवर. कंप नको, मींड नको, सूर सरळ लावून धरायचा. एका मंगळवारी गाण्याच्या शेवटचा स्वरमेळ दिग्दर्शिकेने सात-आठ वेळा घोटून घेतला. बॅरिटोनना ‘थोडं खाली’ म्हणाल्या, बासना ‘मोकळं’ म्हणाल्या. नवव्या वेळी चारही ओळी एकमेकींत बसल्या आणि खोलीत कुणीच गात नव्हतं असा एक वरचा सूर स्वच्छ ऐकू आला. त्या बायका याला ‘रिंग’ म्हणतात. तंबोऱ्याची तार नेमकी लागून झणकारते तिला आपण जवारी म्हणतो; माझ्या तोंडून निघून गेलं, ‘जवारी लागली!’

गंमत म्हणून हे सांगत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याच जातीचं हे आहे. त्यांच्या लाडक्या स्वरमेळातल्या चार सुरांच्या कंपनसंख्या 4:5:6:7 या प्रमाणात बसवायच्या असतात. पेटीचा गंधार त्यासाठी चढा पडतो, आणि तिच्या कोमल निषादापेक्षा अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने खालचा निषाद लावावा लागतो. नुसत्या कानावर तिथे पोचणाऱ्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच लेखातलं ‘नवऱ्यांच्या छंदाला सोबत’ हे वर्णन खटकलं. सुरुवात तशी झाली हे खरं. पुरुषांची बार्बरशॉप संस्था 1938 मध्ये टल्सातच स्थापन झाली होती आणि तिचे दरवाजे बायकांना बंद होते. जुलै 1945 मध्ये एडना मे अँडरसन यांनी अशाच काही सभासदांच्या बायकांना एकत्र केलं. 1903 सालच्या एका लोकप्रिय गाण्यावरून ‘स्वीट ॲडेलाइन्स’ हे नाव घेतलं. पहिल्या शाखेचं नाव तर ‘ॲटोमाटॉन’: कल्पना अणूएवढी, उत्साह टनभर! 1947 मध्ये पहिली चौकडीची स्पर्धा झाली आणि इलिनॉयच्या डेकेटर गावच्या चौघी जिंकल्या. 1953 मध्ये कॅनडात शाखा निघाली आणि संस्था आंतरराष्ट्रीय झाली.

आता गळलेला भाग. 1950 च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेने सभासदत्व फक्त गोऱ्या स्त्रियांपुरतं ठेवणारा नियम केला. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या काही शाखांना तो मान्य झाला नाही. त्या बाहेर पडल्या आणि 1959 मध्ये त्यांनी ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ ही वेगळी संस्था काढली. मोठी संस्था सोडणं म्हणजे स्पर्धा सोडणं, मैत्रिणी सोडणं, वर्षानुवर्षं मिळवलेली पत सोडणं. 1963 मध्ये कॅनडातल्या ओरिलिया गावच्या शाखेनेही हेच केलं. त्यांच्यात गाऊ इच्छिणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला सभासदत्व नाकारलं गेलं होतं, तेव्हा अख्खी शाखाच नव्या संस्थेकडे गेली. स्वीट ॲडेलाइन्सने हा नियम रद्द केला तो 1966 मध्ये. त्या मंगळवारच्या तालमीत माझ्या शेजारच्या रांगेत बास गाणाऱ्या आजी कृष्णवर्णीय होत्या. त्यांचा खर्ज लागला की पायाखालची फळी थरथरायची. त्यांच्या आईला त्या काळात हा दरवाजा बंद होता, हे लेख वाचताना सारखं मनात येत होतं.

आणि ही शैली मुळात कुणाची? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, न्हाव्याच्या दुकानांत आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवर चौघांनी मिळून गायची ही रीत होती. जाझ संगीतातला प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गात असे. लिन ॲबट या संशोधकाने 1992 मध्ये हे पुराव्यानिशी मांडलं. पुरुषांच्या संस्थेतही वेगळं काही नव्हतं. 1941 मध्ये ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ ही न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावरच्या हमालांची चौकडी शहरातली स्पर्धा जिंकली, पण कृष्णवर्णीय म्हणून त्यांना राष्ट्रीय फेरीला जाऊ दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. ज्यांच्याकडून गाणं घेतलं त्यांनाच दाराबाहेर ठेवलं, ही गोष्ट लेखातून सुटायला नको होती.

जागेची अडचण मी समजू शकते, आणि लेखिकेची मेहनत जाणवते, म्हणून हे रागाने लिहीत नाही. मुकुटांचं एक छायाचित्र कमी घेतलं असतं तर 1959 साठी चार ओळी मिळाल्या असत्या. त्या वर्षी बाहेर पडलेल्या बायकांची संस्था आजही अमेरिका आणि कॅनडात गाते आहे. तिच्याबद्दल, आणि ओरिलियाच्या त्या शाखेबद्दल, पुढच्या एखाद्या रविवारी त्याच लेखिकेने लिहावं, ही विनंती. तालमीच्या वहीत टिपून ठेवलेलं बरंच माझ्याकडे आहे. हवं असल्यास आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त संगीत शिक्षिका
सांगली