लाल सिलिंडर टांगला, मागचं दार बंदच

मा. संपादक,
स. न.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली. दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंत 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशा पाट्या पुन्हा रंगवून झाल्या असतील. त्यातली एक पाटी माझ्या घरावर आहे. नऊ वर्षं मी पाहुणे ठेवते. खालच्या दोन खोल्या आणि वरची माडी, एवढाच पसारा. त्यामुळे हे पत्र अशा घरांत आगीपासून बचावाची सोय नसल्याच्या तक्रारीचं असलं तरी तक्रारीतला निम्मा वाटा माझा स्वतःचा आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक कुटुंब उतरलं होतं. लहानमोठी मिळून अकरा माणसं. माडीवर सात जण झोपले होते. पहाटे पाचला कोणीतरी गिझर लावला आणि विसरला. त्याच लाइनवर एसी रात्रभर चालू होता. सॉकेट वितळून गुळाच्या ढेपेसारखं खाली ओघळलं आणि खोबरं करपल्यासारखा वास घरभर पसरला. खालच्या खोलीतले काका धुरातच मागच्या दाराकडे धावले. दाराला आतून कुलूप! किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. कुलूप मीच लावलं होतं, वानर शिरतात म्हणून. सुदैवाने मेन स्विच पडला, धूर तेवढ्यावरच थांबला, कोणाला काही झालं नाही. पण माडीवरून उतरायला लाकडी जिना एकच, आणि तो उतरतो स्वयंपाकघराच्या दाराशी. आग गॅसजवळ लागली असती तर सात जणांनी कुठून उतरायचं, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी दिव्या-पंख्यांसाठी ओढलेल्या दीड एमएमच्या वायरवर मी एसी आणि गिझर दोन्ही चढवले होते. आता दोघांना चार एमएमची वेगळी लाइन आहे, प्रत्येकाला एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच आहे, शॉक लागला तर बंद पडणारं यंत्रही बसवलं आहे. सगळा खर्च एका सीझनच्या कमाईतून निघाला. पण हे करा असं मला आधी कोणीही सांगितलं नव्हतं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे. इमारतीच्या मालकावर किंवा वहिवाटदारावर जबाबदारी टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याला 'नमुना ब' म्हणतात. आमच्यासारख्या दोन-तीन खोल्यांच्या घराला यातलं नेमकं काय लागू होतं, हे मी तीन कचेऱ्यांत विचारलं. तीन उत्तरं मिळाली. एकीकडे 'तुम्हाला काही लागत नाही', दुसरीकडे 'हॉटेलचं सगळं लागतं', तिसरीकडे 'साहेब मीटिंगला गेलेत'. शेवटी एका एजन्सीचा मुलगा आला. त्याने पडवीत उभ्याउभ्या आग विझवायचे दोन लाल सिलिंडर भिंतीला टांगले, फोटो काढला, कागद दिला आणि मोटारसायकलला किक मारली. स्वयंपाकघरात तो आला नाही, माडीवर चढला नाही, मागच्या दाराचं तर त्याला नावही ठाऊक नव्हतं. पिन कशी ओढायची हे मी त्याच्याकडून अंगणात गाठून शिकून घेतलं. गेजचा काटा हिरव्यावर असला पाहिजे, हेही तेव्हाच कळलं.

सिलिंडर हवाच. पण झोपलेल्या माणसाला सिलिंडर उठवत नाही. माणसं बहुतेक वेळा ज्वाळेने जात नाहीत, धुराने जातात, आणि झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलच्या आवारातल्या पबला लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच स्वच्छतागृहात गुदमरून. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या करोल बागेतल्या हॉटेलात १७ गेले. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या हॉटेलात १४, तेही बहुतेक धुराने. ती मोठी ठिकाणं होती, शहरात होती, बंब जवळ होता. आमच्याकडे तालुक्याहून बंब निघाला तरी वाडीत पोचायला पाऊण तास, आणि पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, तो आत शिरणार कसा, ते त्या बंबालाच ठाऊक. म्हणजे पहिली दहा मिनिटं जे काय करायचं ते पाहुण्यांनी आणि आम्हीच. घर त्यांच्या ओळखीचं नाही, मेन स्विच कुठे ते माहीत नाही, काळोखात जिन्याची पायरीसुद्धा सापडत नाही.

आणि खिडक्या! चोरांच्या भीतीने आपण सगळ्यांनी लोखंडी ग्रिल वेल्ड करून घेतले आहेत. तळमजल्याची खिडकी खरं तर बाहेर पडायची दुसरी वाट, पण ग्रिलमुळे ती पिंजऱ्याची भिंत होते. प्रत्येक खोलीतल्या एका ग्रिलला बिजागऱ्या आणि आतून उघडणारी कडी लावायला वेल्डरला अर्धा दिवस पुरतो.

माझी भाची इंग्लंडात असते. तिथल्या सरकारने अशाच छोट्या घरांसाठी काढलेली पुस्तिका तिने पाठवली. तळमजला किंवा त्यावर एक मजला, जास्तीत जास्त चार झोपायच्या खोल्या, दहा माणसं, एवढ्यांसाठीच ती आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मालकाने आपल्या घरात आग कुठे लागू शकते याचा विचार करून तो लिहून ठेवणं तिथे बंधनकारक झालं. मजकूर साध्या भाषेत आहे. धुराची घंटा एका खोलीत वाजली की सगळ्या वाजल्या पाहिजेत, बाहेरचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, इतकं थेट. तिथलं सगळं उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे चिरेबंदी घराला लाकडी माडी नसते, शिमग्यानंतर काजूच्या बागेतून घराकडे सरकणारा वणवाही नसतो. पण 'छोट्या घराला छोटा नियम' ही रीत तरी घ्यावी.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत तर एक वाक्य असं आहे की ते वाचून मी गप्पच झाले. राहत्या घरातल्या खोल्या बाहेरच्यांना दिल्या तर एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. आमच्याकडे माणशी तीनशे रुपये घेऊन जादा गादी टाकायची पद्धत आहे. सात माणसं माडीवर झोपली, ती याच पद्धतीने.

पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारी योजनेत नाव नोंदवताना दोन पानी मराठी कागद मिळावा, आणि तो भरून घ्यायला कोणीतरी प्रत्यक्ष घरात यावं, माडीवर चढावं. नोंदणीच न केलेल्या घरांची गाठ घरपट्टीच्या वेळी ग्रामपंचायतीशी पडतेच, त्यांना तो तिथे द्यावा. त्या कागदावर वायरमनची सही असावी. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलली का, हे असावं. बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझर नको हेही असावं, कारण त्यातला कार्बन मोनॉक्साइड आगीशिवायच माणूस मारतो. दोन धुराच्या घंटा तीन-चार सुरमई थाळ्यांच्या पैशात येतात, त्या सक्तीच्या कराव्यात.

शेजारी म्हणतात, नियम आला की इन्स्पेक्टर येतो, इन्स्पेक्टर आला की पाकीट येतं. भीती खोटी नाही. म्हणूनच नियम इतका सोपा हवा की घरात आलेल्या पाहुण्यालाही तो पाळलाय की नाही ते दिसावं. पाहुणेही कमाल करतात. समुद्र किती लांब, मासे ताजे का, एसी आहे का, सगळं फोनवर विचारतात. रात्री दार आतून कसं उघडायचं हे नऊ वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. आता कोकम सरबत झालं की मीच घर दाखवते. हा मेन स्विच, हा टॉर्च, हे मागचं दार. कुलूप काढून टाकलंय, वानरांसाठी वर बोल्ट बसवलाय. तरुण मुलं हसतात. गेल्या महिन्यात आलेल्या एका आजोबांनी मात्र चष्मा लावून तो बोल्ट दोनदा उघडला आणि लावला, आणि मग विचारलं, ''जेवायला किती वाजता?''

आपली,
एक घरगुती निवासचालक, ता. दापोली
(नाव छापू नये. वानर आणि कुलपावरून वाडीत ओळखतीलच.)