‘मेसेज पाठवते’ एवढं लिहून भागत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आजकाल एआय आणि शेती यावर काही ना काही येऊन राहिलं, राज्य सरकारनंही २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, चांगलंच आहे. पण एका बारीक गोष्टीवर, म्हणजे एआयच्या हाती काम देताना त्या कामाचं वर्णन कसं लिहावं यावर, कोणी बोलताना दिसत नाही, आणि आम्हाला त्याचा चटका बसला म्हणून लिहून राहिलो.

मी नेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस पाहतो. मागच्या खरिपाआधी आम्ही मेसेजिंग ॲपला एक एआय एजंट जोडून घेतला, म्हणजे आपण बोलून सांगायचं आणि मेसेज तो टाकणार. मृगाच्या तोंडावर मी त्याला म्हटलं, गजाननभाऊले आठवण दे, बियाण्याचे ४३०० बाकी आहेत. (खरं नाव लिहत नाही, पण शेगावच्या महाराजांमुळं आमच्याकडं घरटी एक गजानन सापडतोच.) आता आमच्या एका ग्रुपचं नावही गजानन शेतकरी गट, आणि मेसेज गेला तो थेट ग्रुपवर, १८० माणसांत. मी दोन मिनिटांत सगळ्यांसाठी डिलीट केला पण तोवर पानठेल्यावर चर्चा सुरू झाली होती. त्या माणसाच्या पोरीची सोयरीक चालू होती साहेब. संध्याकाळी ते आले, ओरडले नाही, खुर्चीवरही बसले नाही, एवढंच म्हणाले, "म्या कधी कोणाचे पैसे बुडवले का जी?" मला रात्रभर झोप लागली नाही.

ज्या पोरानं ते जोडून दिलं त्याला बोलावलं आणि आतलं उघडून पाहिलं. एजंटला एकेका कामासाठी एक अवजार दिलेलं असते, त्याला टूल म्हणतात. आमच्या टूलचं नाव ‘मेसेज पाठवा’, वर्णन ‘मेसेज पाठवते’, आणि खाली एक रकाना ‘कोणाला’. बस. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की एजंटला टूलच्या आतला कोड दिसतच नाही, त्याच्यापुढं येतं फक्त टूलचं नाव, वर्णन आणि रकान्यांची माहिती, आणि त्यावरूनच तो ठरवतो कोणतं टूल घ्यायचं आणि रकान्यात काय भरायचं. पाडव्याला नवीन सालगडी ठेवला तर आपण त्याला धुरा दाखवतो, कोणता बैल मारका आहे ते सांगतो, तरी तो चार वेळा विचारतो. इथं आपण दोन शब्द लिहून मोकळे.

मग आम्ही दोघं बसलो आणि एका टूलची दोन केली, एक माणसासाठी, एक ग्रुपसाठी. माणसाच्या टूलवर लिहिलं: "एकाच व्यक्तीला खाजगी मेसेज पाठवते. नंबर ९१ पासून १२ अंकी द्यावा, नाव चालत नाही. एका नावाची दोन माणसं किंवा ग्रुप सापडला तर पाठवू नये, आधी विचारावं. ग्रुपसाठी हे टूल वापरू नये." ग्रुपच्या टूलवर लिहिलं की पाठवायच्या आधी ग्रुपचं पूर्ण नाव, किती सदस्य आणि मजकूर दाखवून होकार घ्यावा. तेव्हापासून गजाननभाऊ म्हटलं की तो थांबतो आणि विचारतो, कोणते.

तारखेचंही असंच. आपल्या बोलण्यात ‘परवा’ म्हणजे गेलेला पण आणि येणारा पण, कास्तकार लिहितो ‘परवा तूर आणतो’, ‘परवा तूर आणली’, आणि माल कधीचा धरायचा ते क्रियापदावरून कळते, म्हणून शेड्यूलच्या टूलमध्ये आम्ही लिहिलं की वर्ष-महिना-दिवस अशी तारीखच द्यावी आणि परवाचा अर्थ लागत नसेल तर विचारावं. आणि ‘यशस्वी’ असं उत्तर आलं म्हणजे फक्त सर्व्हरनं मेसेज घेतला, समोरच्यानं वाचला असं नाही, हेही लिहावं लागते, कारण आमच्या शिवारात टॉवर गेला की दिवसभर एकच टिक राहते आणि एजंट मात्र सांगतो, कळवलं.

ॲपच्या मर्यादाही वर्णनातच पाहिजे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला त्यांनाच पोचते, टेलिग्रामवर माणसानं आधी स्टार्ट दाबल्याशिवाय बॉट (म्हणजे आपोआप मेसेज टाकणारं खातं) त्याला स्वतःहून मेसेज टाकू शकत नाही आणि एका मेसेजात ४०९६ च्या वर अक्षरं जात नाहीत. हे लिहिलं नसलं तर एजंटला कुठून समजणार?

फवारणीच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो ना, तशी सोय इथंही आहे. ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला टूल जोडायची एक ठरीव पद्धत, आणला, त्यात पुढं टूलवर ‘रीड ओन्ली’, ‘डिस्ट्रक्टिव्ह’ अशा खुणा लावता येऊ लागल्या, म्हणजे हे फक्त वाचते, हे काही पुसू शकते. पण त्या नुसत्या खुणा, त्यानं टूल अडत नाही, त्यामुळं वर्णन नीट लिहिणं चुकत नाहीच.

माझी विनंती एवढीच की शेतकऱ्यांसाठी असे एजंट बनवणाऱ्यांनी टूलचं वर्णन गावच्या दोन माणसांना वाचून दाखवल्याशिवाय चालू करू नये, आणि तुमच्या शेतीच्या पानावर अशी एखादी चांगली-वाईट वर्णनं शेजारी शेजारी छापावी, पोट्टे वाचतील.

आम्ही आमचं नवीन वर्णन गजाननभाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "एक राह्यलं, पैशाची गोष्ट ग्रुपवर नाही टाकाची." ती ओळ त्याच दिवशी टाकली.

आपला,
एक कास्तकार, नेर तालुका, जि. यवतमाळ