विषय: नवशिक्यांसाठी ऑटोलिस्प (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) अभ्यासक्रम, धडा सहा, आणि जिन्यातून गायब झालेले १२ मिलीमीटर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ‘तज्ज्ञ मार्गदर्शका’नं आत्ताच माझं बोलणं तोडून फोन ठेवला, म्हणून आता लेखी. धडा सहामध्ये काय आहे हे तुम्हाला सांगायला नको, अभ्यासक्रम तुमचाच आहे. पण फोन घेणाऱ्याला ते माहीत नव्हतं, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

जिन्याच्या सेक्शनचा, म्हणजे उभ्या छेदाचा, प्रोग्रॅम. मजल्याची उंची आणि पायऱ्यांची संख्या विचारतो, भागाकार करून रायझर, म्हणजे एका पायरीची उंची, काढतो आणि एकावर एक पायऱ्या मारत जातो. व्हिडिओत तुमचे सर ३०६० आणि १८ घालतात. रायझर १७०, जिना झकास. खाली गृहपाठात मात्र उंची ३००० दिली आहे. (/ ३००० १८), म्हणजे ३००० भागिले १८, म्हटलं की ऑटोलिस्प उत्तर देतं १६६. १६६.६७ नव्हे, १६६. दोन्ही आकडे पूर्णांक असले की ही भाषा उत्तरही पूर्णांकच देते आणि दशांश मुकाट्यानं टाकून देते. ना एरर, ना इशारा. १८ गुणिले १६६ म्हणजे २९८८, आणि जिना स्लॅबच्या १२ मिलीमीटर खाली संपतो. १८ ऐवजी १८.० लिहिलं की जागेवर येतो. किंवा उंची पूर्णांकच घेणाऱ्या ‘गेटइंट’नं न विचारता दशांश ठेवणाऱ्या ‘गेटरिअल’नं विचारली असती तरी भागलं असतं. यातलं एक अक्षर व्हिडिओत नाही, पीडीएफमध्येही नाही. ऑटोलिस्प ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून आहे. एवढ्या वर्षांत हे तुमच्या सरांच्या कानावर आलं नसेल असं मला वाटत नाही. ३०६० हा आकडा त्यांना इतका नेमका कसा सुचला, तेही विचारावंसं वाटतं.

आता फोनवर काय झालं ते. तुम्ही संभाषणं ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड करता म्हणे, तर ऐकून घ्या.

मी म्हटलं, धडा सहामध्ये भागाकार चुकतोय, जिना कमी भरतोय.
“सर, ऑटोकॅड बंद करून परत चालू करा.”
केलं. ३००० भागिले १८, परत १६६.
“मग आकडा येतोय ना सर? म्हणजे प्रोग्रॅम चालतोय.”
दशांश कुठं गेला?
“युनिट्समध्ये जाऊन प्रिसिजन वाढवा.”
प्रिसिजन आकडा दाखवण्यापुरती असते. जे भागाकारातच उरलं नाही ते ऑटोकॅड दाखवणार कुठून? हे मीच त्याला समजावलं. म्हणजे पैसे मी भरले आणि शिकवणीही मीच घेतली. मग त्यानं मला होल्डवर टाकलं. बासरी संपली तसा परत आला आणि विचारतो काय, “सर, तुम्ही आर्किटेक्ट आहात का?”
नाही, ड्राफ्ट्समन आहे.
“मग एवढं टेन्शन कशाला घेता? बारा मिलीमीटर प्लास्टरमध्ये जातात.”
मी गप्प झालो. त्याला वाटलं पटलं. लगेच पुढे, “आणि सर, हा कोर्स बिगिनर्ससाठी आहे, एवढं खोलात जायचं नसतं. आणखी काही मदत करू शकतो का?” मी ‘हो’ म्हणेपर्यंत फोन बंद.

प्लास्टरमध्ये जातात! गिलावा भिंतीला करतात साहेब. पायरीवर कोटा किंवा ग्रॅनाईट बसतो आणि त्याखालचा मसाला सगळ्या पायऱ्यांना सारखाच येतो. त्यामुळं ते १२ मिलीमीटर कुठंही जिरत नाहीत, सगळे शेवटच्या पायरीच्या बोकांडी बसतात. सतरा पायऱ्या १६६ च्या आणि अठरावी १७८ ची. राष्ट्रीय इमारत संहिता घराच्या जिन्याला १९० पर्यंत रायझर चालवून घेते, म्हणजे सुटा १७८ नियमात बसेलही. पण पाय पहिल्या चार पायऱ्यांतच अंदाज बांधतो आणि वरच्या पायरीला ठेचकाळतो. हे आमच्या सेंटरिंगच्या मिस्त्रीला कळतं. तो पट्टीवर खुणा मारून उंची सारखी वाटून घेतो, आणि त्यानं तुमचा ४,९९९ रुपयांचा कोर्स केलेला नाही. कोल्हापुरात असा जिना कुणाच्या घरात गेला तर घरमालक मला त्याच जिन्यावरनं वर-खाली पळवेल, तुमच्या मार्गदर्शकाला नव्हे.

बाकीचं थोडक्यात. पीडीएफमधल्या कोडला सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळलेली छापली आहेत. तिथनं कॉपी केलं की मजकूर जोडणाऱ्या ‘स्ट्रकॅट’च्या ओळीवर ‘बॅड आर्ग्युमेंट टाइप: स्ट्रिंगपी निल’ (मजकूर हवा तिथं काहीच मिळालं नाही) अशी एरर येते, आणि नवशिक्या बिचारा कंस मोजत बसतो. यावर तुमचं उत्तर: “नीट टाइप करा.” ओस्नॅप ही बिंदू नेमका पकडायची सोय चालू असताना हाच प्रोग्रॅम चालवला की रेघा शेजारच्या बिंदूंना जाऊन चिकटतात आणि जिना वाकडा होतो. आधी त्या सोयीचं ‘ओएसमोड’ हे सेटिंग शून्य करायचं आणि काम झालं की परत पूर्ववत करायचं, दोन ओळींचं काम. यावर तुमचं उत्तर: “री-इन्स्टॉल करा.” आणि भागाकारावर उत्तर: प्लास्टर. मी हे परत लिहितोय याची मला कल्पना आहे.

तुमचा पहिला, फुकटचा कोर्स मी केला होता. लेअर आणि ब्लॉक त्यात इतके नीट शिकवले होते की राजारामपुरीतल्या दोघा-तिघांना मी स्वतः तुमचं नाव सांगितलं. आता ते रस्त्यात भेटले की मी विषय बदलतो.

१५ दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत, आणि धडा सहा दुरुस्त झाल्याचं ज्यांनी ज्यांनी तो घेतलाय त्या सगळ्यांना कळवलेलं हवं. नुसते माझे पैसे परत करून मिटवू नका. कुणीतरी तो १६६ चा जिना एव्हाना साइटवर पाठवलाही असेल. नाहीतर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार मी राहतो तिथंच करता येते, तेव्हा तारखांना तुम्हाला कोल्हापूरला यावं लागेल. आणि यावर उत्तर द्यायला त्याच मार्गदर्शकाला बसवू नका.

आपला (अजून तरी) ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: पावती, धडा सहाची पीडीएफ, २९८८ वर संपणाऱ्या जिन्याची ड्रॉइंग फाइल