कोकणकड्यावरचा उधार वाद

पुणे, १२ जुलै

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण तूच. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी पालथं पडून खाली बघताना तू म्हणालास, "हा दगड पृथ्वी झाली तेव्हापासूनचा!" मीही मान डोलावली. त्या थंडीत चहा सोडून कशावरही वाद घालायचं त्राण नव्हतं. आता घालतो.

अरे, आपला तो काळा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पृथ्वी ४५४ कोटींची. तिला शंभरीची आजी धर, मग कडा म्हणजे तिच्या मांडीवरचं दीड वर्षाचं पणतवंड.

मग खरं जुनं काय? सुरुवातीला मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वी वितळली, वर लाव्ह्याचा समुद्र झाला. पुढे जे कवच धरलं, तेही बहुतेक पुन्हा तिच्याच पोटात गेलं. उरले ते कण. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन नावाच्या चिवट खनिजाचे बारीक कण सापडलेत, केसाच्या दोन-चार पट जाडीचे. सर्वांत जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा. तो ज्या खडकात मिळाला तो मात्र ३०० कोटींच्या आसपासचा. कणाचं मूळ घर कधीच मोडलं, हा भाडेकरू तेवढा राहिला.

वय काढायची रीत तर झकास आहे. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र दारातही उभं करत नाही. युरेनियमचं सावकाश शिसं होत जातं, म्हणजे आत सापडलेलं शिसं आतच जन्मलेलं. युरेनियमची मुख्य जात निम्मी व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. त्या म्हाताऱ्या कणातलं जवळजवळ निम्मं संपलंय बघ!

याच शिशाने क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाला रडवलं. पृथ्वीचं वय त्याने अशनींवरून काढून १९५६ साली छापलं. त्याआधी कित्येक वर्षं बिचारा प्रयोगशाळा घासत होता, कारण बाहेरचं शिसंच मोजमापात घुसत होतं. त्याचा माग काढत तो शिसं मिसळलेल्या पेट्रोलपर्यंत पोचला आणि मग तेल कंपन्यांशीच भांडत बसला. मला तो त्याच्या आकड्यापेक्षा जास्त आवडला.

आणि पाणी! जॅक हिल्सच्या ४३० कोटींच्या आगेमागे असलेल्या कणांत जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचीच वजनाने भारी जात, जरा जास्त आहे. ज्या खडकाच्या वितळण्यातून ते घडले, त्याला आधी पाणी लागलं असणार, असा अर्थ बरेच जण लावतात. एवढ्या लवकर पाणी, मला वाचून दोनदा चष्मा पुसावा लागला.

आपल्याकडेही ओडिशात चंपुआजवळ ४२४ कोटींचा झिरकॉन मिळालाय. टाटानगरपर्यंत रेल्वे आहे, पुढचं बघू. दिवाळीनंतर रजा टाक. चहाचा थर्मास या वेळी तू आण, मागचा तूच दरीत घालवलास.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या