वार्षिक वर्गणी व हिशेबाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ठेवीदारांच्या संरक्षणासाठी बँकिंग कायद्यांत सुधारणा व्हावी म्हणून झटणारी आपली संस्था कोणत्याही बँकेची वा वित्त कंपनीची देणगी स्वीकारत नसल्याने तिचा सारा खर्च वर्गणीवरच चालतो. बँकांतील ठेवींवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये झाली, तरी ठेव विमा महामंडळाचे हे कवच पतसंस्थांच्या ठेवीदारांना मिळत नाही, आणि ते त्यांनाही मिळावे, हाच आपला मुख्य आग्रह आहे.

वर्गणी धनादेशाने किंवा यूपीआयने भरावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस आयकर सवलत मिळत नाही. (गेल्या वर्षी बिननावाच्या पाकिटात शंभराच्या नोटा आल्या, पावती कोणाच्या नावे फाडावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.) लेखापरीक्षित ताळेबंद व व्हाउचरांची फाइल सदाशिव पेठेतील कार्यालयात शनिवारी सायंकाळी पाहता येईल.

– कार्यवाह, पुणे