चर्च उघडले, तरी फोनवरची भक्ती थांबवू नका

कोल्हापूर, १७ डिसेंबर २०२०

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातील प्रार्थनास्थळे दिवाळी पाडव्याला, म्हणजे १६ नोव्हेंबर रोजी पुन्हा उघडली आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी आम्हा ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ सुरू झाला. नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांना जोडून येणारे दिवस म्हणजे आगमनकाळ. प्रभूच्या जन्माची आणि त्याच्या पुन्हा येण्याची वाट पाहण्याचा, आत्मपरीक्षणाचा हा काळ असतो. यंदाचा चौथा रविवार येत्या २० तारखेला आहे आणि त्याआधी हे पत्र छापून यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. चर्चची दारे उघडली, तेव्हा लॉकडाऊनमध्ये मोबाइलवरून सुरू केलेली रविवारची भक्ती आता थांबवावी, असा सूर काही मंडळ्यांतून, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहांतून, निघू लागला आहे. ती थांबवू नये, असे मला ठामपणे वाटते.

चर्च उघडताना शासनाने घातलेल्या अटी सर्वांना ठाऊक आहेत. ६५ वर्षांवरील व्यक्ती, दीर्घ आजार असलेले लोक, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे, असा सल्ला त्यांत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑक्सिजनच्या खाटेसाठी या शहरात लोकांनी केलेली धावाधाव ज्यांनी पाहिली, ते या सल्ल्याला नावे ठेवणार नाहीत, मीही ठेवत नाही. पण या सल्ल्यामुळे चर्चमध्ये नेमके कोण येत नाही, हे मंडळीच्या कमिटीने एकदा बाकांवर नजर टाकून पाहावे. ज्यांनी आयुष्यभर चर्च झाडले, वेदीवरचे कापड धुऊन इस्त्री केले, लग्नामर्तिकाला सर्वांत आधी जाऊन उभे राहिले, ते वडीलजन घरी आहेत आणि रविवार शाळेची मुलेही घरी आहेत. मंडळीची दोन्ही टोके घरात बसलेली असताना मधल्या लोकांनी एक बाक सोडून एक असे बसून घ्यावे आणि 'भक्ती सुरू झाली' असे म्हणावे, हे मला अपुरे वाटते.

आमच्या मंडळीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यामुळे झूम किंवा यूट्यूब त्यांच्या उपयोगाचे नाही. त्यांच्यासारख्यांसाठी मंडळीतल्या एका मुलाने कॉन्फरन्स कॉलवर चार-पाच घरे एकत्र जोडण्याची रीत बसवून दिली आहे. रविवारी सकाळी फोन वाजला की आजी तो स्पीकरवर टाकून स्टीलच्या रिकाम्या तांब्यात उभा ठेवतात, म्हणजे आवाज मोठा होऊन खोलीभर ऐकू येतो; तांब्याखाली घडी घातलेला रुमाल असतो, म्हणजे तो टेबलावर खणखणत नाही. मग डोक्यावर पदर घेऊन, गीतांचे पुस्तक मांडीवर उघडून त्या बसतात. पाळकसाहेबांचा आवाज मधेच तुटतो, कोणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते, प्रभूची प्रार्थना म्हणताना एक घर अर्धे वाक्य पुढे असते तर दुसरे मागे. तरीही आशीर्वाद झाल्यावर कोणी लगेच फोन ठेवत नाही. कोणाची शुगर किती आली, कोणाच्या मुलाची नोकरी टिकली की गेली, याची विचारपूस होते. चर्चच्या आवारात भक्तीनंतर जे बोलणे व्हायचे तेच हे बोलणे आहे आणि आजींचे त्या आठवड्यातले माणसांशी झालेले ते बहुधा सर्वांत मोठे संभाषण असते. चर्च उघडले म्हणून हा फोन बंद करायचा असेल, तर त्या रविवारी आजींनी नेमके काय करायचे, हे बंद करणाऱ्यांनी सांगावे.

फोनवरची भक्ती चालू राहिली तर लोकांना घरी बसण्याची सवय लागेल आणि दानार्पणही घटेल, असे विरोध करणारे म्हणतात. दानार्पणाची चिंता मी हलक्यात घेत नाही. खेड्यापाड्यांतल्या लहान मंडळ्यांमध्ये पाळकांचा पगार त्याच पेटीतून निघतो आणि यंदा मार्चपासून आठ महिने दारे बंद असताना त्या कुटुंबांनी कसे दिवस काढले, हे त्यांनाच माहीत. पण यावर उपाय म्हणून तरुणांनी घरोघरी जाऊन दाराबाहेरूनच दानाची पाकिटे गोळा करावीत. म्हातारी माणसे दानाच्या बाबतीत कधीच मागे नव्हती. सवयीविषयी म्हणायचे, तर पंचवीस-तीस वर्षांच्या धडधाकट माणसाला कमिटीने जरूर चर्चमध्ये बोलवावे. त्यासाठी ऐंशीच्या आजींचा फोन बंद करण्याची गरज नाही.

प्रभुभोजनाविषयी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीविषयी, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे. प्रवचन फोनवरून ऐकता येते, भाकर आणि द्राक्षारस फोनवरून देता येत नाही. आपल्या भागातील मंडळ्यांचा वारसा मिश्र आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांच्यामागे बिशपांऐवजी वडीलजनांच्या सभेने चालणारी प्रेस्बिटेरियन परंपरा येथे रुजली. इंग्लंडच्या चर्चमधून आलेली, बिशपांची परंपरा मानणारी अँग्लिकन मंडळीही याच शहरात होती. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता आणि यंदा बरोबर ५० वर्षे पूर्ण झाली तीही आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी. मोठ्या मेळाव्याने साजरा व्हावा असा तो सुवर्णमहोत्सव मास्क लावून, अंतर राखून पार पडला. या एकत्र आलेल्या परंपरांपैकी काहींत प्रभुभोजनाला प्रत्येकासाठी वेगळा लहान पेला असतो, तर अँग्लिकन रीतीत सर्वांच्या ओठांना एकच प्याला लागतो. तो एक प्याला साथीमुळे जगभर बाजूला ठेवावा लागला आहे.

माझी पुतणी अमेरिकेत राहते आणि तेथील एपिस्कोपल चर्चची सभासद आहे. अँग्लिकन कुटुंबातलीच ही मंडळी बिशपांच्या व्यवस्थेखाली चालते. तिच्या मंडळीचे दार अजून बंद असून रविवारची भक्ती झूमवर होते. पडद्यासमोर आपापली भाकर ठेवावी आणि धर्मगुरूने दुरून तिच्यावर प्रार्थना म्हणावी, याला तेथील बिशपांची मान्यता नाही, त्यामुळे बहुतेक रविवारी केवळ सकाळची प्रार्थना होते. पुतणीला याचे फार वाईट वाटते. ती फोनवर तसे म्हणाली, तेव्हा मी तिला १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातील आजाऱ्यांच्या प्रभुभोजनाचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. साथीच्या रोगात संसर्गाच्या भीतीने शेजारीपाजारी आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजनाला यायला धजत नसतील, तर त्याच्या विनंतीवरून पाळकाने एकट्याने त्याच्याबरोबर ते घ्यावे, अशी सोय तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच भागात असेही आहे की अतिशय आजारपणामुळे, सोबतीला कोणी नसल्यामुळे किंवा अन्य रास्त अडचणीमुळे ज्याला प्रभुभोजन मिळू शकत नाही, त्याने खरा पश्चात्ताप केला असेल आणि ख्रिस्ताच्या मरणावर दृढ विश्वास ठेवून त्याचे उपकार मानले असतील, तर तोंडाने काही न घेताही त्याच्या आत्म्याला त्याचा लाभ झाला आहे, असे पाळकाने त्याला समजावून सांगावे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिले, त्यांना साथ म्हणजे काय हे चांगले माहीत होते आणि घरात अडकलेला माणूस मंडळीबाहेर पडलेला नाही याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. हा उतारा आमच्या पाळकांनी येत्या रविवारी फोनवर आपल्या शब्दांत मराठीतून समजावून सांगावा, ही माझी त्यांना नम्र विनंती आहे. आपण प्रभुभोजनाला मुकलो, प्रभूने आपल्याला दूर लोटले की काय, असा घोर कित्येक वृद्धांना लागून राहिला आहे आणि पाळकांखेरीज तो कोणी दूर करू शकणार नाही.

गाण्याच्या बाबतीत मात्र मला घरातल्या भक्तीचीच बाजू अधिक भक्कम वाटते. प्रार्थनास्थळांत समूहगायन करू नये, ध्वनिमुद्रित गाणी लावावीत, असे केंद्राच्या जूनमधील सूचनांत म्हटले आहे. पुष्कळांना ही सूचना जाचक वाटते. पण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च रोजी एका हौशी गायनमंडळाची तालीम चर्चमध्ये झाली; तिला ६१ जण हजर होते, त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. तेव्हा चर्चमध्ये गाणे थांबवणे शहाणपणाचेच आहे. घरी फोनसमोर बसून मात्र कोणीही मोकळ्या गळ्याने गाऊ शकतो. पेटी, ढोलकी, खंजिरी घेऊन रात्री घरोघरी जाणारी नाताळच्या गाण्यांची फेरी यंदा काढू नये, हेही इथेच सांगते. फेरी आली की प्रत्येक घरात दहा-वीस माणसे शिरतात, चहा होतो, करंज्या-चिवड्याच्या बश्या हातोहात फिरतात आणि सर्वांत आग्रहाने बोलावणारी घरे म्हाताऱ्या माणसांचीच असतात. तरुण संघाने त्याऐवजी त्याच घरांना फोन लावून एकेक गीत म्हणावे.

मुलांसाठी करण्याजोगे पुष्कळ आहे, एकच सुचवते. आगमनकाळात रोज एकेक मेणबत्ती अधिक लावत जाण्याचे चक्र १८३९ साली हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न या पाळकांनी अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केले, कारण नाताळ कधी येणार असे मुले त्यांना रोज विचारत. रविवार शाळेच्या शिक्षकांनी उरलेल्या दिवसांपुरते तरी प्रत्येक मुलाला घरी असे चक्र करायला सांगावे आणि रोज संध्याकाळी एखाद्या आजी-आजोबांना फोन करून आजचे वचन वाचून दाखवायला लावावे.

यंदा ज्यांच्या घरी माणूस गेले, त्यांच्याविषयी लिहिताना हात जड होतो. अंत्यविधीला वीसच माणसांची मर्यादा होती. ज्यांनी शंभर घरांच्या दुःखात जाऊन प्रार्थना केली, त्यांच्या कबरीजवळ सगळे नातलगसुद्धा उभे राहू शकले नाहीत. अशा घरांवर यंदा नाताळची चांदणी लागणार नाही. अमेरिकेतील कोरोनाच्या मृतांची संख्या तीन लाखांवर गेली, तेव्हा राजधानी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये, जे एपिस्कोपल चर्चचेच आहे, परवा १५ तारखेला घंटेचे ३०० टोल देण्यात आले, हजार मृतांमागे एक. आपल्या मंडळ्या लहान आहेत, आपल्याला हजारांनी मोजण्याची गरज नाही. चौथ्या रविवारी प्रत्येक मंडळीने या वर्षी गेलेल्यांची नावे एकेक करून वाचावीत, मग मृत्यू कोरोनाने झालेला असो वा अन्य कशाने, आणि ती वाचताना त्यांच्या घरचे लोक फोनवर जोडलेले असतील एवढे पाहावे.

आगमनकाळात अनेक चर्चांतून बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय वाचला जातो. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरीया घाईने डोंगराळ प्रदेशात आपल्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे त्यात सांगितले आहे. अलीशिबा वयोवृद्ध होती आणि पाच महिने ती घरातच राहिली होती. ख्रिस्तजन्माच्या कथेत तरुण माणूस वृद्धाच्या दारी जातो, ही गोष्ट यंदा आम्ही सर्वांनी मनावर घ्यायला हवी. दारी जाणे सध्या धोक्याचे आहे, म्हणून फोन करायचा.

ब्रिटनमध्ये ८ डिसेंबरपासून लस द्यायला सुरुवात झाली आहे. आपल्याकडेही ती येईल, पण नाताळपर्यंत नक्कीच येणार नाही आणि आल्यावरही सगळ्या वृद्धांना मिळेपर्यंत काही महिने जातील. ईस्टरपर्यंत तरी फोनवरची भक्ती चालू ठेवण्याचा निर्णय मंडळ्यांच्या कमिट्यांनी या आठवड्यातच घ्यावा आणि त्याची जबाबदारी फोन लावून देणाऱ्या एकट्या मुलावर न टाकता तीन-चार जणांत वाटून द्यावी.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. नवरात्रात मंदिर बंद असताना भाविकांना अंबाबाईचे दर्शन घरबसल्या कसे घेता येईल, याची माहिती वृत्तपत्रांनी आवर्जून दिली होती आणि तिचा उपयोग असंख्य घरांना झाला. नाताळच्या सुमारास आपण शहरातील चर्चमधील उपासनांच्या वेळा छापता. यंदा त्या वेळांखाली, ज्या मंडळ्या फोनवरून किंवा इंटरनेटवरून भक्ती घेणार आहेत त्यांच्या वेळा आणि संपर्कासाठी चर्चच्या कार्यालयाचा क्रमांक छापावा. वृद्ध माणसे अजूनही वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. अक्षर थोडे मोठे ठेवता आले तर फार बरे होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
शाहूपुरी, कोल्हापूर